पानोपानी अध्यक्ष

"आजून एक अध्यक्ष घावलं!" इर्शाद ओरडला आणि आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला.

"आता कुठं?" शिरगुप्पे सरांनी विचारलं.

"कॅन गळतोय म्हणून तक्रार नोंदवायचं पान हाय न्हवं, त्यात. बघा की, कसं हात जोडून हसत्यात."

"काढ त्यांना."

"काढतोय. पण सर, ह्ये असं आजून किती पानांत बसल्यात, देवालाच ठाऊक."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका लेथच्या कारखान्याच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. खाली दिवसभर लोखंड किरकिरायचं आणि वर आम्ही पाच जण जावामध्ये प्रोग्रॅम लिहायचो. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक तालुका दूध संघ. संघाचं नाव मी सांगणार नाही, का ते पुढे कळेलच. संघाची वेबसाइट आम्हीच केली होती. दूध संकलन, फॅट, दर, बिलं, पशुखाद्याची मागणी असं सगळं त्यात होतं आणि पानं दोनशेच्या वर गेली होती. प्रत्येक पानाच्या डोक्यावर संघाचा बिल्ला, संघाचं नाव आणि अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो. हे डोकं प्रत्येक पानात वेगवेगळं लिहिलेलं होतं. म्हणजे इर्शाद मुजावरनं एकदा लिहिलं आणि मग दोनशे वेळा चिकटवलं. कॉपी-पेस्टमधला तो पैलवान होता आणि त्याला त्याचा अभिमानही होता.

त्या दुपारी संघाच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. संघाच्या कार्यालयात शिपायानं अध्यक्षांच्या तसबिरीवर वर्तमानपत्र चिकटवलं, कोनशिलेवरचं नाव चुन्यानं झाकलं, दुधाच्या टँकरवरच्या फोटोंना गोणपाटं बांधली. वेबसाइट तेवढी राहिली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी संघाला झापलं, संघाचे मॅनेजर खराडे साहेब यांनी सरांना झापलं, आणि सरांनी आम्हाला कामाला लावलं. पाच जणांनी मिळून दोनशे पानांतून एक माणूस हुडकून काढायचा होता.

"सर," मी म्हटलं, "हे चुकीचं आहे."

"काय चुकीचं आहे? आचारसंहिता?"

"नाही, आपली पद्धत. डोकं सगळ्या पानांचं एकच असेल तर ते एकाच जागी ठेवायला पाहिजे. जावात त्यासाठी तयार फ्रेमवर्क मिळतं. चौकट एकदाच लिहायची. वरचं डोकं, खालची तळटीप, डावीकडचा मेनू, सगळं त्या चौकटीत. पानानं फक्त आपला मजकूर आणायचा. फ्रेमवर्क तो मजकूर उचलतं आणि चौकटीत बसवून देतं."

सर पुढच्या पानात अध्यक्ष शोधायला लागले. त्यांना पटलं नाही की ते असेच कामात डोकं घालायचे.

"लग्नाच्या हॉलसारखं, सर. हॉल एकच, मांडव एकच. नवरा-नवरी तेवढे रोज नवे."

"तुला आता सगळीकडं हॉलच दिसणार," सर म्हणाले, आणि सगळे हसले. माझी सोयरिक नुकतीच ठरली होती. "हे बघ हेमलता, चालतंय त्याला हात लावायचा नाही, हा आपल्या धंद्याचा पहिला नियम."

"पण हे चालत नाहीये, सर. आपण चालवतोय."

सरांनी निवडणुकीचा कार्यक्रम माझ्यापुढे सरकवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मतदान, मोजणी, आणि मग नव्या संचालकांची पहिली सभा. त्या सभेत अध्यक्ष निवडले जाणार, लगेच खुर्चीत बसणार आणि समोरच्या पडद्यावर संघाची वेबसाइट उघडणार, नव्या अध्यक्षांच्या फोटोसकट.

"एका जरी पानावर कोरी जागा दिसली किंवा जुना चेहरा दिसला, तर खराडे साहेब आपलं काम पुण्याच्या कंपनीला देणार. तसं तोंडावर सांगितलंय त्यांनी. त्या दिवशी पाचही जण ऑफिसात. कुणालाही रजा नाही."

मी तारीख पुन्हा एकदा वाचली. त्याच दिवशी चार वाजता माझा साखरपुडा होता.

साखरपुडा पुढे ढकलणं शक्य नव्हतं. आप्पांनी हॉल घेतला होता, दोन्हीकडच्या पाव्हण्यांना आवतणं गेली होती, आणि आईनं मुहूर्त काढायला ज्या गुरुजींना गाठलं होतं त्यांना पुन्हा गाठायची तिची हिंमत नव्हती. नोकरी सोडणंही शक्य नव्हतं, कारण ती मला मनापासून आवडायची. मुलगा पाहायला आला तेव्हा मी एकच अट घातली होती, लग्नानंतरही काम करणार.

"सर, एक सौदा करू," मी म्हटलं. "मी ती चौकट बसवते. त्या दिवशी फोटो एका जागी बदलला आणि सगळ्या पानांवर बदलला, तर मी साखरपुड्याला जाणार."

"तसं झालं तर आम्ही सगळेच येऊ," सर म्हणाले. "जेवायला काय आहे?"

अशी सुरुवात झाली. फ्रेमवर्कची फाईल आणून प्रोग्रॅमच्या लायब्ररीत टाकली. पान उघडायची प्रत्येक मागणी आधी त्या फ्रेमवर्कच्या हातातून जाईल अशी सोय सर्व्हरच्या मांडणीत केली. मग चौकटीचं पान लिहिलं, आणि शेवटी एक छोटी फाईल, जिच्यात सांगायचं की कुठल्या पत्त्यावरच्या पानांना कुठली चौकट घालायची. मी तिथे पत्त्याच्या जागी कीबोर्डावरची चांदणीची खूण टाकली. चांदणी म्हणजे सगळ्या पानांना. आपलं काम सोपं व्हावं म्हणून माणूस जी काही चांदणी टाकतो ती पुढे कुठे चमकते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा चालवलं तर प्रत्येक पानाला दोन डोकी. एक माझ्या चौकटीचं, एक इर्शादचं जुनं.

"रावण झालाय," इर्शाद म्हणाला.

"दहा कुठं आहेत? दोनच आहेत. आता तुझं काढायचं."

"म्हंजे मी एवढं चिकटवलेलं सगळं मीच खरवडायचं?"

"हो. पानं बोडकी करायची."

त्यानं केली. तोंडानं बडबडत केली, पण अशी झपाट्यानं केली की बघत राहावं. चिकटवण्यात पैलवान असलेला माणूस खरवडण्यातही कमी नव्हता. शेवटचं पान बोडकं झालं तेव्हा मी चौकटीतल्या पट्टीचा रंग निळ्याचा हिरवा केला आणि सरांना हाक मारली. सर एकेक पान उघडत गेले. बिलाचं पान हिरवं. पशुखाद्य हिरवं. कॅनगळती हिरवी. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "तू कुठं कुठं बदललंस?"

"एका जागी."

"खरं सांग."

"आईशप्पथ, सर. एका जागी."

सरांनी खालच्या टपरीवरून सगळ्यांना चहा आणि कांदाभजी मागवली. शिरगुप्पे सरांच्या बाबतीत ही दुर्मीळ गोष्ट होती. त्याच आनंदात आम्ही ते सगळं संघाच्या सर्व्हरवर चढवलं आणि घरी गेलो.

सकाळी मी ऑफिसचा जिना चढत होते तेव्हाच फोनची घंटी ऐकू येत होती. सर फोन कानापासून लांब धरून उभे होते आणि तरीही खराडे साहेबांचा शब्दन् शब्द मला कळत होता.

झालं होतं असं. चौकटीसाठी डोकं पाहिजे म्हणून मी इर्शादच्या एका जुन्या पानातून ते उचललं होतं. नेमकं ते पान फोटो काढायचं राहून गेलेलं निघालं. तपासताना मी रंग बघत होते, चेहरा बघितलाच नाही. तो इतकी वर्षं तिथे होता की आम्हा कुणालाच आता तो दिसायचा नाही. पाच जणांनी खपून दोनशे पानांवरून घालवलेले अध्यक्ष मी एकटीनं एका फटक्यात दोनशे पानांवर परत आणून बसवले. आणि ती चांदणी! तिच्यामुळे चौकट फक्त पानांना लागली नाही, गावोगावच्या संकलन केंद्रांवर छापल्या जाणाऱ्या दुधाच्या पावत्यांनाही लागली. पहाटे दूध घालायला आलेल्या माणसाच्या हातात पावती पडली ती अशी: वर अध्यक्ष हात जोडून, खाली 'मुख्य पान, आमच्याविषयी, संपर्क', त्याखाली दोन लिटर म्हशीचं दूध, आणि तळाला 'इथे क्लिक करा'. एका गावात म्हणे एका आजोबांनी बोटानं दाबूनही बघितलं.

एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं, हे मी सरांना पटवून दिलं होतं. एका जागी चुकलं की सगळीकडे चुकतं, हे संघानं मला पटवून दिलं.

"आचारसंहितेचा भंग म्हणून लेखी तक्रार झालीय," सर म्हणाले. "विरोधी पॅनेलचा उमेदवार आहे कुणीतरी. चल, आपल्याला बोलावलंय."

संघाच्या कार्यालयात खराडे साहेब टेबलामागे बसले होते आणि टेबलासमोर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ पाठमोरे बसले होते. हातात ती पावती.

"हे तक्रारदार," खराडे साहेब म्हणाले. "केरबा खोत."

गृहस्थांनी मान वळवली आणि मी दारातच थांबले. यांना मी एकदाच पाहिलं होतं, आमच्याच घरात. त्यांनी दोन वेळा पोहे घेतले होते आणि एकच प्रश्न विचारला होता, "कंप्यूटरवर नेमकं काय करतीस?"

"तू?" ते म्हणाले.

"मामा, मी."

"ओळख आहे वाटतं?" सरांनी विचारलं.

"माझी व्हणारी सून हाय," केरबा मामा म्हणाले.

आमच्या जिल्ह्यात सोयरिक आणि सहकार यांच्यामध्ये भिंत नसते. एका बाजूला टेकलं की माणूस दुसऱ्या बाजूला पडतो. खराडे साहेबांचा चेहरा मात्र एकदम उजळला.

"अहो, मग झालंच की! घरातल्या घरात मिटलं. कागद द्या इकडं, फाडून टाकू."

"घरातली तक्रार न्हाई ही, साहेब. संघाची हाय." मामांनी पावती घडी घालून खिशात ठेवली. "सून झाली म्हणून आचारसंहिता ढिली व्हत न्हाई. अध्यक्ष असं परत हसायला लागलं, तर उद्या टँकरवरची गोणपाटंबी सुटतील."

"बरोबर आहे, मामा," मी म्हटलं. खोटं काय बोलायचं, मला त्यांचा राग आला नाही. "चूक माझीच आहे. मला इथला कंप्यूटर द्या. तुमच्यासमोर काढते."

मी बसले. चौकटीतून फोटोची ओळ काढली. मग मांडणीच्या फाईलीत एक ओळ वाढवली, की छापायच्या पावत्यांना चौकट लावू नका. मामा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी त्यांच्या गावच्या केंद्रावर फोन लावला.

"ए सर्जा, एक पावती काढ. कुणाची बी काढ... बघ, अध्यक्ष हाईत का?... न्हाईत?... आणि ते किलिक का काय?... ते बी न्हाई?" फोन ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. "तू हितं काढलंस आणि तकडं गावात गेलं?"

"हो."

"सगळ्या गावांत?"

"सगळ्या."

"माणसं किती लागली?"

"मी एकटीच."

त्यांनी फक्त "हं" केलं. कागदावर खाली 'दुरुस्ती झाली, पाहिली' असं लिहून सही केली आणि ते निघाले. मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावले.

"मामा, साखरपुड्याचं?"

"त्याचं काय?"

"म्हणजे... आहे ना?"

"त्यो घरातला विषय हाय. त्यात मला कोण विचारतंय?" असं म्हणून ते जिना उतरून गेले. ना हसले, ना रागावले. त्या उत्तराचा काय अर्थ लावायचा हे मला रात्रभर उलगडलं नाही. आईला सांगायची तर सोयच नव्हती.

सरांनी सौदा मोडला. "त्या दिवशी तू ऑफिसातच बसायचंस," ते म्हणाले. "तुझ्या चौकटीचा मला भरवसा नाही."

भरवसा काही बोलून येत नाही. मी आणि इर्शादनं ऑफिसातल्या मशीनवर संपूर्ण वेबसाइटची एक प्रत उभी केली, सरांच्या सहलीतला एक फोटो मिळवला आणि दुपारी जेवण झाल्यावर त्यांना सहज म्हणून बोलावलं. पहिलं पान उघडलं. वर संघाचा बिल्ला आणि शेजारी 'अध्यक्ष, मा. श्री. भरत शिरगुप्पे', पन्हाळ्याच्या तटावर हात जोडून.

"काय फाजीलपणा आहे हा!" सर म्हणाले. मग जरा वाकून बघितलं. "पुढचं पान दाखव."

पुढच्या पानावरही सर. त्याच्या पुढच्याही. सरांनी माऊस आपल्या हातात घेतला आणि एकेक पान उघडत राहिले. पशुखाद्य, बिलं, कॅनगळती. एकाही पानावर ते चुकले नव्हते.

"मागचं पान जरा परत बघतो," ते हळूच म्हणाले. बघून झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. "जा बाई साखरपुड्याला. पण इर्शाद इथं बसेल."

"आणि माझं जेवण?" इर्शाद म्हणाला.

"डबा आणीन," मी म्हटलं.

मोजणी झाली आणि विरोधी पॅनेल निवडून आलं. केरबा मामाही संचालक झाले, काठावर का होईना. आता अध्यक्ष कोण, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, कारण आमच्याकडे ते संचालक ठरवत नाहीत. पॅनेलचे नेते एका पाकिटात नाव घालून पाठवतात. सभेत पाकीट फुटतं, नाव वाचतात आणि सगळे संचालक ते नाव आपणच सुचवल्यासारखे टाळ्या वाजवतात. दोन तगडे गडी शर्यतीत होते. दोघांनीही स्टुडिओत जाऊन फेटा बांधून फोटो काढले आणि आमच्या ऑफिसात स्वतः आणून दिले. मी दोन्ही फोटो तयार ठेवले. इर्शादला एवढंच करायचं होतं, जो निघेल त्याची फाईल चौकटीच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि नाव लिहायचं.

साखरपुड्याच्या दिवशी खोतांची मंडळी टेम्पो भरून वेळेवर आली, पण मामा आले नव्हते. "सभा उरकली की थेट येत्यात," मामी म्हणाल्या. मामी म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई आक्काताई, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. कार्यालयातल्या तक्रारीची गोष्ट त्यांना कळलीय की नाही, याचा अंदाज घ्यायचा मी प्रयत्न करत होते, पण त्या ओटीचं ताट मांडण्यात गढल्या होत्या. शिरगुप्पे सर आणि आमच्या ऑफिसचे आणखी दोघे पहिल्या रांगेत बसले होते, आणि सर सारखे जेवणाच्या मंडपाकडे बघत होते.

आणि माझ्या पर्समधला फोन वाजला.

"हेमा, पाकीट फुटलं," इर्शाद म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी वेगळंच होतं.

"कोण? पहिला फोटो की दुसरा?"

"दोन्ही न्हाईत."

"म्हणजे?"

"दोघं एकमेकाला खुर्चीत बसू देईनात. मग नेत्यांनी तिसराच माणूस दिला, कुणाशी वाकडं नसलेला. आचारसंहितेत पावती धरून ताठ उभा ऱ्हायला म्हणून म्हणं. आता फोटो पाठव."

"कुणाचा?"

"तुझ्या सासऱ्याचा!"

बाहेर सनईची कॅसेट वाजत होती.

"आगं, ऐकतीस न्हवं? खराडे साहेब पडदा लावून बसल्यात. हार घालणं चाललंय. ते सरलं की साइट उघडणार. माझ्याकडं त्या दोन फेटेवाल्यांशिवाय कोण न्हाई!"

मी तशीच शालूचा काठ सावरत बायकांच्या घोळक्यात शिरले. "मामी, मामांचा फोटो पाहिजे. आत्ता."

"कशाला?"

"मामा अध्यक्ष झालेत."

मामींच्या हातातला नारळ हातातच राहिला. "हे? सकाळी चष्मा घरात इसरून गेलेत. आणि अध्यक्ष?" मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं की मला त्या घरात जायची पहिल्यांदा मनापासून घाई झाली. त्यांनी मुलाला हाक मारली. "धैर्या! हिला फोटो दे तुझ्या बाचा. आणि संगट जा हिच्या, एकटी कुठं हिंडू दिऊ नगंस."

धैर्यशील खोत हे माझे होणारे नवरे. नाव धैर्यशील, पण पाहायला आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघायचंही धैर्य केलं नव्हतं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि माझ्याशी पहिलं वाक्य बोलले.

"एकच आहे. पण त्यात आमची म्हैस पण आहे."

"चालेल."

"नाही, म्हणजे, तिनं मान आबांच्या खांद्यावर टाकलीय. कापता येणार नाही."

"म्हटलं ना, चालेल!"

हॉलच्या शेजारीच एक सायबर कॅफे होता. शालूतली नवरी आणि सफारीतला नवरा आत घुसले तेव्हा तिथली कॉलेजची पोरं उठून उभी राहिली. आम्ही एकाच स्टुलावर अर्धे अर्धे टेकलो. मोबाईलमधून फोटो उतरवला, ईमेलला जोडला आणि पाठवला. नेट असं रांगत होतं की मला रडू यायचं बाकी होतं. इर्शाद फोनवर होताच.

"आला! अरं, ह्यात म्हैस हाय की!"

"असू दे. संघ दुधाचाच आहे. फोल्डरमध्ये टाक. जुन्याच नावानं टाक. टाकलास? आता चौकटीचं पान उघड. अध्यक्ष शब्द शोध. त्याच्यापुढे लिही, मा. श्री. केरबा..."

"आबांच्या वडिलांचं नाव बाळू," धैर्यशील हळूच म्हणाले.

"...केरबा बाळू खोत. साठव. झालं."

"एवढंच?"

"एवढंच, इर्शाद. दुसरीकडे कुठंही हात लावू नकोस. चिकटवू नकोस."

मी संघाचा पत्ता टाइप केला. पान उघडायला लागलं. आधी हिरवी पट्टी आली. मग बिल्ला. मग फोटो वरून खाली थेंबाथेंबानं उतरू लागला. आधी पांढरी टोपी, मग कपाळ, मग एक शिंग.

"मोरणीचं आहे," धैर्यशील म्हणाले. "म्हशीचं नाव मोरणी."

मग दोघांचे डोळे दिसले. मामा जरा बावरलेले, मोरणी अगदी निवांत. आम्ही दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. बिलं, पशुखाद्य, कॅनगळती. सगळीकडे दोघेही हजर. धैर्यशील हसायला लागले, आणि एवढा न बोलणारा माणूस हसताना किती छान दिसतो हे मला त्या कॅफेत कळलं. माझा हात त्यांच्या हातात कधी गेला ते मला आठवत नाही. कॅफेतल्या पोरांनी शिट्टी वाजवल्यावर तो सुटला एवढं आठवतं.

तेवढ्यात फोनमधून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. इर्शादनं ऑफिसातल्या दुसऱ्या फोनवर खराडे साहेबांना धरलं होतं आणि दोन्ही फोन एकमेकांना भिडवले होते. "पडद्यावर आलं!" तो ओरडत होता. "हार घालायला आल्यालं नेते म्हणाले, आसा अध्यक्ष पायजे, जनावरासंगट! पुण्याची कंपनी गेली उडत!"

आम्ही धावतच परत आलो. शिरगुप्पे सरांनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं आणि सगळ्यांदेखत टाळी दिली. पण हॉलमध्ये आता दुसराच घोळ सुरू झाला होता. बातमी पसरली होती. खोतांकडचे पुरुष उठून दारात उभे होते. अध्यक्ष मिरवणुकीत अडकले होते, गावातून जीप निघालीय म्हणत होते. गुरुजी घड्याळ दाखवत होते.

"मुहूर्त निघून चाललाय," गुरुजी म्हणाले.

"थांबावं लागंल," एक मिशीवाले चुलते म्हणाले. "आता साधा माणूस हाय व्हय त्यो? अध्यक्षांशिवाय कसं चालू करायचं?"

आप्पा हवालदिल झाले. आई मुहूर्ताच्या काळजीनं अर्धी झाली. मी पाटापाशी उभी राहून एकदा दाराकडे आणि एकदा गुरुजींकडे बघत होते. नोकरी वाचली होती आणि साखरपुडा डोळ्यांदेखत हातातून चालला होता.

मामी उठल्या. पदर खोचून पुढे आल्या, कुंकवाचा करंडा उचलला आणि मला खांद्याला धरून पाटावर बसवलं.

"अध्यक्ष तकडं, संघात," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "हितं मी हाय. गुरुजी, म्हणा तुमचं मंतर."

गुरुजींनी म्हटले. मामींनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली, साखरेचा पुडा हातात दिला. धैर्यशीलनी अंगठी घातली आणि मी त्यांना. मुहूर्त गाठला गेला. आई डोळे पुसत होती आणि सर पहिले उठून पंगतीकडे निघाले होते.

बायका माझ्या तोंडात साखर घालत असतानाच बाहेर हलगी वाजायला लागली. जीप दारात थांबली आणि केरबा मामा आत आले. टोपी, सदरा, मिशा, सगळं गुलालानं लाल. गळ्यात हार इतके की हनुवटी दिसत नव्हती. चुलते पुढे धावले, पण मामा त्यांना ओलांडून सरळ पाटापाशी आले. मी वाकून नमस्कार केला.

"झालं?" त्यांनी मामींना विचारलं.

"झालं. तुमच्यासाठी काय मुहूर्त थांबतोय व्हय?"

मामांनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळले.

"बघितलं मी पडद्यावर. सगळ्या पानांवर मीच हाय म्हणं?"

"सगळ्या, मामा. एकही सुटलेलं नाही."

"मोरणीबी?"

"मोरणीपण."

"आणि समज, पुढच्या येळंला मी पडलो तर?"

सगळा हॉल ऐकत होता. पण या माणसाशी खोटं बोलण्यात अर्थ नाही, हे मला संघाच्या कार्यालयात कळून चुकलं होतं.

"तर एका जागी काढायचं, मामा. सगळीकडनं जाल."

मामांनी चुलत्यांकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं, आणि गुलालातून त्यांचे सगळे दात दिसले.

"ऐकलंसा, पावणं? आजून खुर्ची गरम झाली न्हाई, आणि सुनंनं मला उठवायची सोय करून ठिवलीया!"

"म्हणूनच तर तिला पसंत केली," मामी म्हणाल्या.